ताटाची डावी बाजू

प्रिय दादा,

उद्या तुला जाऊन वर्ष होतंय. फोटोपुढे तुझं ताट ठेवायचं आहे, आणि मी सकाळपासून रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसले आहे. लिंबू-चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, हे कधी विचार करून वाढलंच नाही. पण तुला कसं वाढू? विचारणार कोणाला? म्हणून तुलाच लिहिते.

तू जन्माचा डावरा. जेवायला बसलास की आई तुझा डावा हात चिंधीने कमरेशी बांधायची. "डाव्या हातानं कोणी जेवते का रे पोट्ट्या?" मी समोर बसून हसायचे. हळूहळू तू उजव्या हाताचा झालास. भनपुरीच्या कारखान्यात मात्र पाना डाव्याच हातात धरायचास. तिथे आई थोडीच होती!

मग लकवा मारला आणि नेमका उजवा हात लुळा पडला. मी रडत होते, आणि तू डाव्या हाताने वरणभात कालवत बसलास. एक शीत सांडलं नाही. म्हणालास, "आता आई बी काही म्हणू शकत नाही." किती खूश होतास, दादा!

समता कॉलनीतल्या क्लिनिकने घरी टॅबलेट दिला. पडद्यावर आंबे पडायचे, ते उजवा हात हवेत हलवून टोपलीत टाकायचे, कॅमेरा बघत असायचा. मी स्वयंपाकघरात गेले की तू गुपचूप डावा पुढे करायचास. भरलेली टोपली बघून मी शिरासुद्धा केला! शेवटी फिजिओथेरपीवाल्या दीदीने व्हिडिओ कॉलवर चोरी पकडली. चांगला हात रोज थोडा वेळ बांधून ठेवा, नाहीतर दुसरा शिकणारच नाही, असं तिने हिंदीत समजावलं.

मी तुझ्या डाव्या हातावर जाड मोजा चढवला, वरून नाडी बांधली. तू मोज्याकडे बघून म्हणालास,

"काहून बांधून राहिली वं, आईसारखी?"

दीदीने सांगितलं, मी म्हणाले. आईसुद्धा आजीचं नाव सांगायची, नाही का?

आणि दीदीचं खरंच होतं रे. उजवा उठायला लागला. पेला धरायला लागला. एक दिवस त्याने घास तोंडापर्यंत नेला. टॅबलेटवर दीदी टाळ्या वाजवत होती, इकडे मी, आणि तू रडत होतास. आनंदाने रडतायत, असं दीदी म्हणाली. मीही तेच धरून चालले. आठवड्याभरात दुसरा झटका आला, आणि विचारायचं राहूनच गेलं.

आनंदाचंच होतं ना ते रडणं? की डाव्याचे दिवस पुन्हा संपले, असं वाटलं तुला? रागवायचंस तरी! लहानपणी एवढा चिडका, मग नेमका तेव्हाच गुणी कशाला झालास?

बांधला म्हणून हात बरा झाला. बांधला म्हणून तू हिरमुसलास. दोन्ही एकदम खरं कसं असेल? माझं डोकं चालत नाही.

एवढं मात्र ठरवलं आहे. उद्या ताट उलटं वाढीन. लिंबू-चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. शेजारच्या काकू नाक मुरडतील, मुरडू देत. तू डाव्या हाताने पोटभर जेव.

आणि पाण्याचा पेला उजवीकडे ठेवीन. तेवढा आता तुझ्या उजव्याला उचलता येतो.

तुझी धाकटी,
कुंदा