नसरीनचं लोणचं

लातूर, गुरुवार, २२ मे २००८

नसरीनच्या जुन्या घरमालकाची, अण्णांची, सून आज वाटी घेऊन दारात. "मावशी, मामंजी लई आजारी हायेत. तोंडाला चवच न्हाई. नसरीनमावशीच्या हातचं लोणचं मागायलेत."

मागायलेत! भूकंपानंतर सगळी गल्ली मैदानात झोपायची, तेव्हा हाच माणूस नसरीनच्या पातेल्यातलं जेवला. पुढं क्लासवाले जास्त भाडं द्यायला लागले, तर तिच्या खानावळीची भांडी यानंच रस्त्यावर काढली. ती लेकाकडं शारजाला गेली आणि गेल्या थंडीत तिथंच वारली. मला मूठभर मातीसुद्धा देता आली नाही.

मी म्हणाले, लोणचं संपलं. बरणी माझ्या मागंच होती, वास घरभर. मागच्या उन्हाळ्यात नसरीन आली होती, तेव्हा घालून गेलेली.

"बोटभर तरी, मावशी."

"तिनंपण त्यांच्याकडं एक खोलीच मागितली होती."

पोरगी रिकामी वाटी घेऊन गेली. वाईट वाटतंय का मला? न्हाई. बरणीत थोड्या फोडी उरल्यात, त्या अण्णांच्या तेराव्यालाच खाईन.

नसरीन असती तर बरणी हिसकावून स्वतः देऊन आली असती. मग राहू द्यायचं होतं तिला इथं.