कोठीमागची बेगम

प्रिय आक्का,

तू असताना तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसले आहे. हस, हसायचं तर. पण आज दुपारी माझ्या घरात जे घडलं, ते इथं कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, बहिणीच्या दुःखानं द्वारकाचं डोकं फिरलं. तुला सांगायला हरकत नाही. माझं डोकं फिरलेलंच आहे, असं तुझं मत लहानपणापासून होतं.

तर तक्रारी ऐक. पहिली तुझ्याविषयी.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसले होते. आयुष्यभर पुस्तकं वाचली, आक्का. त्यांतली माणसं मरताना काहीतरी बोलतात. पाठच्या बहिणीला तर नक्कीच बोलतात. तू डोळे उघडलेस. मी पुढे वाकले. आणि तू काय म्हणालीस? "बेगमला उंदरावर सोडू नको. तिला मारता येत न्हाई."

झालं! मग पाणी मागितलंस, आणि कूस बदललीस ती बदललीसच. माझ्या वाट्याला काय आलं? उंदीरसुद्धा न मारणाऱ्या मांजरीची शिफारस!

दुसरी तक्रार आपल्या थोर भाऊबंदांविषयी. तुला धारूरच्या खोलीवर आणलं तेव्हा तात्या सगळ्यांच्या आधी हजर. आपला चुलतभाऊ, गावचा पुढारी, अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे चार हुजरे. तू विधवा झाल्यापासून या माणसानं तुझ्या दारात चप्पल काढली नव्हती. पण आल्या आल्या हात वर करून म्हणाला, "आक्का म्हंजी आमच्या घराण्याचा खांब होती." खांब! तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला तेव्हा हा खांब कुणाच्या लक्षात आला होता?

तेवढ्यात तुझी बेगम आली. नेहमीसारखी, कुणाची पर्वा नसल्यासारखी. तुझ्या पायाशी थांबली, तुला हुंगलं, आणि तुझ्या अंगावरून उडी मारून पलीकडे जाऊन बसली.

अरे बापरे! काय तो गोंधळ! "हाकला! हाकला तिला! मढ्यावरनं मांजर गेलं!" तू अशी निजलेली, आणि चार मिशीवाले पुरुष काठ्या घेऊन एका मांजरीमागे कपाटावर, खाटेखाली, मोरीत. मी आजवर पुष्कळ मोर्चे पाहिले. एवढी एकजूट कुठल्याच मोर्चात दिसली नाही.

तात्या म्हणाला, "मढं ओलांडलेलं मांजर घरात ठिवायचं नसतं. मेलेलं मानूस माघारी येतं."

मी म्हटलं, "येऊ द्या की! आक्का माघारी येणार असंल तर तुमाला कावून भ्या वाटतंय?"

"तुझं भाषण स्टेजवर कर, द्वारके."

मग त्यानं पोतं मागवलं. बेगमला त्यात कोंबलं आणि हुजऱ्यांना हुकूम सुटला, घाटाच्या पलीकडे सोडून या. आपल्याकडे ही रीतच आहे ना! नको असलेलं मांजर पोत्यात घालायचं, वाट दिसू नये म्हणून तोंड आवळायचं, आणि घाट उतरला की झटकून द्यायचं. मारलं तर पाप लागतं, सोडलं तर लागत नाही! एवढा सोयीचा धर्म दुसरीकडे कुठं सापडेल? मी पोतं हिसकावून घेतलं आणि त्याला टेकूनच बसून राहिले. तुला न्यायला आले तेव्हाही हातातून सोडलं नाही. बायका म्हणाल्या, दुःखानं दगड झाली. दगड कसली! पोत्यातून नखं लागत होती.

तेरावा झाला आणि तिला कोंबड्याच्या डालग्यात घालून घाटनांदूरला आणलं. जीपमध्ये शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोंबडी हाय का गं?"

"नाही. बेगम आहे."

"बेगम म्हंजी कोन जात असती?"

उत्तर बेगमनंच दिलं, माझ्या पातळावर. म्हातारी पदर नाकाला लावून पार दाराशी सरकली.

आता तिसरी तक्रार, तुझ्या लाडकीविषयी. घरात डालगं उघडलं तशी ती सुटली ती ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागे. कोठी आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा. तिथून फक्त दोन डोळे दिसायचे. पाणी रात्रीतून कमी व्हायचं. खाणं जसंच्या तसं.

सल्लागारांची कमी नव्हती. शेजारच्या कोंडाबाई म्हणाल्या, "तिच्या पायाला तूप चोळ आन् चुलीभवती फिरव. तूप चाटता चाटता घर कळतं." मी म्हटलं, चूल नाही, गॅस आहे. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "मंग शेगडीभवती फिरव. पर शिलिंडर मदी घे."

सर्वांत मोठे तज्ज्ञ माझ्याच घरात निघाले. तुझे मेहुणे निवृत्तीराव. जन्म मेंढरांमागे गेला, त्यामुळे जगातल्या प्रत्येक प्राण्याला हा माणूस मेंढरू समजतो. "नवी शेळी आनली की काय करतो आपन? दावं लावतो. हातानं मिठाची भाकर चारतो. हाकंला वळाय लागली की मग सोडतो. ह्यात काय अवघड हाय?"

आणि मी, आक्का, तुझी पुस्तकं वाचणारी बहीण, मान डोलावली! आपणही मेंढरांच्या वाड्यावरच वाढलेल्या ना! बाबांनी कळपात आणलेली प्रत्येक नवी शेळी अशीच रुळलेली आपण पाहिली होती. मग परकराच्या नाडीचं दावं केलं, बेगमच्या गळ्यात घातलं, कोठीच्या पायाला बांधलं, आणि पुढे मीठ लावलेली भाकरी ठेवली. मांजरीपुढे मिठाची भाकरी! आम्हा दोघांच्या वयाची बेरीज केली तर शतक ओलांडेल, आणि अक्कल एवढी!

शेळी दाव्याला हिसका देते आणि दमून उभी राहते. मांजर दमत नाही. तिनं उभी उडी घेतली, कोठीवर गेली, पलीकडे लोंबकळली. गळ्याला फास बसला. मी किंचाळले. निवृत्तीरावांनी दावं कापलं आणि कोपरापर्यंत ओरबाडून घेतलं. कोठीचं झाकण खाली, ज्वारी घरभर, आणि बेगम पुन्हा त्या वीतभर जागेत. त्यानंतर तिनं पाण्यालाही तोंड लावायचं सोडलं.

आक्का, ती मरायला लागली होती. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, "म्हैस असती तर आलो असतो, बाई. मांजराचं काय? गेलं तर दुसरं आना, फुकट मिळतंय." शिकलेला माणूस! बहीण गेली तेव्हा दुसरी कुठं मिळते ते यांनाच विचारायला हवं होतं.

मग मी माझं हत्यार काढलं. वाणी! शिरूर कासारच्या उन्हात ऊसतोडीवरून परतलेल्या बाया माझं भाषण उठून न जाता ऐकतात. गोंधळ घालायला पाठवलेली पोरं खाली मान घालून बसतात. मी कोठीपुढे मांडी घातली आणि म्हटलं, "ये राणी. ये माझ्या सोन्या. हे घर तुझंच आहे. घाबरू नकोस." स्वच्छ, मृदू, शुद्ध मराठीत. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ.

तिनं माझ्याकडे पाठ केली. आक्का, माझ्यावर पुष्कळांनी टीका केली आहे. पण त्या पाठीत माझ्याविषयी जेवढी तुच्छता होती, तेवढी कुणाच्या अग्रलेखातही मला दिसली नाही.

आज दुपारी तात्या आला. तुझ्या मासिक श्राद्धाचं ठरवायला. बसायच्या आधीच म्हणाला, "ते मांजर हाय का अजून? ते घरात ठिवून आक्काच्या नावानं पान वाढायचं न्हाई. मी येनार न्हाई, भावकीतलं कुनी येनार न्हाई."

"नका येऊ."

"खातंय का ते?"

मी कोठीपुढची भरलेली वाटी पायानं आड सरकवली.

"न्हाई ना? मांजर घराचं असतं, द्वारके. मानसाचं नसतं. त्याला हितं ऱ्हायाचं न्हाई. तू हट्टानं मारायलीस त्याला."

आणि मला ते पटलं! तात्याचं! कारण हे मलाही दोन दिवसांपासून वाटत होतं. निवृत्तीरावही हळूच म्हणाले, "धारूरलाच सोडून यावं का? तिच्या गल्लीत? निदान जगंल तरी." तुझ्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आलं आहे. ती बंद दारासमोर बसेल, लोक दगड मारतील. पण इथं ठेवली तर माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरेल. मी उठले. डालगं घ्यायला उठले, आक्का. तुझ्यापासून काय लपवू?

तेवढ्यात तात्यानं दाराआडची काठी घेतली आणि कोठीमागे खुपसली. "थांब, काढून देतो भाईर."

मग काय झालं ते मला धड आठवत नाही. स्टेजवरची मराठी कुठं गेली कुणास ठाऊक. "ठिव ती काठी, मुडद्या! हात मोडला तुझा! मेलेल्या बहिनीच्या मांजरावर मर्दुमकी दाखवतोस व्हय बे?" आणि तात्यावर भागेना, तशी कोठीकडे वळले. "आन् तू गं, भवाने! आयतं गिळायला देतोय तर रुसवा कुनाला दावतीस? टवळे, सटवे, लई मोठी बेगम लागून गेलीस! मरायचंय तर मर, पर भाईर येऊन तोंड दावून मर!"

आणि कोठीमागून तुझी बेगम बाहेर आली.

चालत आली! तात्याच्या पांढऱ्या धोतराला अंग घासत, त्याच्याकडे न बघता, माझ्यासमोर येऊन बसली, आणि तोंड वर करून माझ्यावर ओरडली. मी आणखी एक शिवी दिली. ती आणखी जोरात ओरडली. दुधात कुस्करलेली भाकरी पुढे सरकवली, तर वाटी चाटून पुसून रिकामी केली.

निवृत्तीराव कुजबुजले, "मला वाटलं, आक्काच बोलल्या." तात्यानं काठी भिंतीला टेकवली, चपला पायात घातल्या, आणि चहा न घेता गेला. त्या वेळचा त्याचा चेहरा पाहायला तू हवी होतीस.

आता मला सगळं उमगलं. तू फोनवर माझ्याशी बोलता बोलता मध्येच तिला शिव्या हासडायचीस. मी म्हणायची, "आक्का, मुक्या जिवाशी जरा नीट बोलावं." तू म्हणायचीस, "गोड बोलनारी मानसं मला ठावं हायत." कोठीपुढे बसून गोड बोलणारी ही बाई कोण, हे त्या बिचारीला कसं कळावं? तिच्या आयुष्यात तिच्याशी गोड बोलून कुणी आलं असेल, तर ते पोतं घेऊनच.

पण मग एक सांग. मला शेवटची शिवी कधी दिलीस गं? लहानपणी दिवसाला दहा द्यायचीस. पाणी सांडलं, भवाने. वेणी सुटली, टवळे. मग मी भाषणं करायला लागले, माझे फोटो छापून यायला लागले, आणि तू माझ्याशी जपून बोलायला लागलीस. "बस बाई. च्या घेती का? लई दमली असशील." मला वाटायचं, आक्काला माझा अभिमान वाटतो! एवढी पुस्तकं वाचून मला कळलं नाही की तू मला पाहुणी करून टाकलं होतंस. आपलेपणाच्या सगळ्या शिव्या त्या मांजरीला, आणि मला चहा! हे बरं केलं नाहीस, आक्का. माझं काही चुकलं होतं तर तोंडावर बोलायचं. तुझं तोंड काही कुणी बांधलं नव्हतं.

असो. ती आता माझ्या पायावर झोपली आहे आणि माझा पाय बधिर झाला आहे. पाय काढला तर उठेल, म्हणून तसाच ठेवला आहे.

मासिकाला भावकी येणार नाही. नको येऊ दे. पान मी वाढीन, बेगम शेजारी बसेल, आणि ज्याला विटाळ वाटेल त्यानं आपल्या घरी जेवावं. तिला उंदरावर सोडणार नाही, दाव्याला बांधणार नाही, धारूरच्या घाटाकडे नेणार नाही. आणि आणखी एक वचन देते, आक्का, माझ्या आजवरच्या कुठल्याही भाषणापेक्षा खरं. तुझ्या बेगमला एखाद्या दिवशी दूध कमी पडेल, पण शिवी कधीच कमी पडणार नाही.

तुझी भवानी,
द्वारका