डोंगरावर घेतलेली शपथ

ताई,

आधी नमस्कार, मग तक्रार.

रविवारी ऑफिसातल्या टोळक्याबरोबर डोंगरावर धावायला गेलो होतो. काय एकेक नमुने! डोक्यावर आभाळ भरून आलेलं, आणि हे मनगटावरच्या घड्याळात हवामान बघतायत. साहेबांनी तर पायथ्याशी शपथच घ्यायला लावली, "कुणालाही मागे सोडायचं नाही."

अर्ध्या वाटेत गारा पडायला लागल्या. रिसेप्शनवरच्या बाईंचा पाय मुरगळला. त्या हाका मारत राहिल्या आणि आमचे शूरवीर महागडे बूट आपटत खाली पळाले. शेवटी गाडीचे ड्रायव्हरकाका साध्या चपलांवर वर चढले आणि त्यांना आधार देत घेऊन आले.

आईचा गुडघा कसा आहे? माझी काळजी करू नकोस म्हणावं तिला, मला साधं खरचटलंही नाही. गाडीत सगळ्यांच्या आधी मीच येऊन बसलो होतो.

तुझा धाकटा