वस्ती म्हणजे मी

६ एप्रिल

सुट्टी नाही. पुन्हा नाही!

बुस्तामांते साहेब वायरलेसवर म्हणाले, "रोनिलो, तू निघालास की लोकसंख्या शून्य. मग आपण जगाला काय तोंड दाखवायचं?" साहेब राजधानीत बसतात. त्यांच्या मागे पंख्याचा आवाज येतो. इथे पंखा नाही. पंख्याची गरजही नाही, वारा कानात शिरून डोकं फिरवतो.

मी ह्या वाळूच्या पट्ट्यावर सिमेंटच्या गोण्या उचलायला आलो होतो. झोपडी बांधून झाली, बाकीची माणसं होडीत बसली, इंजिनियर म्हणाला एकानं मागं थांबा, सामानावर लक्ष ठेवायला. मी हात वर केला. गावात सगळे मला ओरडत असायचे, वाटलं इथे ओरडायला कुणी नाही. तेव्हापासून मी राखणदारही नाही, मजूरही नाही. सरकारी कागदात मी 'नागरी वस्ती' आहे. एकटा!

साहेबांनी समजावलंय मला. माणूस राहतो, काहीतरी पिकवतो, तर ते बेट. नाहीतर नुसता खडक. बेट असलं की भोवतीचा लांबवरचा समुद्र आपला. मासे आपले, खालचं तेल आपलं. म्हणजे मी शिंकलो तरी ती देशाची शिंक.

आणि मेर्लिटा तिकडे गावात. पंधरा मेला सान इसिद्रोची जत्रा. त्याच्या आत मामांना घेऊन, शिजवलेलं जेवण घेऊन तिच्या घरी मागणी घालायला जायला हवं. मुलगा स्वतः नसला तर ती मागणी धरत नाहीत. तिच्या बापानं, ग्रेगोरियोनं, सांगून ठेवलंय — जत्रा उलटली की बर्फाच्या कारखान्याच्या मालकाच्या पोराला बोलावणार.

७ एप्रिल

भोपळ्याला फूल आलं. साहेबांना कळवलं. म्हणाले, अभिनंदन, ही आपली अर्थव्यवस्था.

११ एप्रिल

समोर उथळ पाण्यापलीकडे शेजारच्या देशाचं बेट आहे. आमच्यापेक्षा मोठं, दोन नारळही आहेत. तिकडेही एकच माणूस. दुर्बिणीनं तो माझ्या कोंबड्या मोजतो, मी त्याची बदकं मोजतो. मग दोघं आपापल्या साहेबांना कळवतो. मला बोकड आला तर आठवड्यात त्याला डुक्कर आलं.

मागच्या महिन्यात साहेबांचा हुकूम आला की कपडे जास्त वाळत घाल, उपग्रहातून कुटुंब दिसलं पाहिजे. कपड्यांचं गाठोडंच पाठवलं होतं. मी सगळे शर्ट टांगले, दोन परकर टांगले. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दोरीवर पांढरं पांढरं काहीतरी फडफडत होतं. दुर्बीण लावली. बाळाचे लंगोट!

साहेबांना सांगितलं. तिकडे त्यांनी पंखा बंद केला. मग हळूच विचारलं, "त्यांना मूल झालं?"

मी म्हटलं, साहेब, तो एकटाच आहे. तरी म्हणाले, लक्ष ठेव.

१४ एप्रिल

आज भलतंच झालं.

दुपारी दारात बसून भात आणि सुकी मासळी खात होतो. तो आपल्या टोपलीसारख्या गोल होडीत खेकडे धरत धरत अगदी जवळून चालला होता. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं — या जेवायला!

आमच्याकडे असंच म्हणायचं असतं. समोरून कुत्रा गेला तरी जीभ वळवळते. आणि समोरच्यानं म्हणायचं असतं, झालं माझं, तुम्ही जेवा. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय, कुणी कधी आलेला नाही!

हा आला. होडी ओढून वाळूवर ठेवली, खिशातून चमचा काढला आणि समोर बसला. खिशात चमचा घेऊनच हिंडतो हा माणूस!

नाव थुआन. आमच्या मच्छीमारांबरोबर पूर्वी काम केलंय म्हणे, आमची भाषा येते, मोडकीतोडकी. माझ्याहून थोरला. भात परत मागून घेतला. मासळीवरचं व्हिनेगर चाटून म्हणाला, "तिखट कमी आहे रे. तुमचं सरकार मिरच्या देत नाही?"

म्हटलं, तुमचं देतं?

म्हणाला, "लंगोट देतं."

इतका हसलो की मासळीचा काटा अडकला. त्यानंच पाठीत थापट्या मारल्या.

१५ एप्रिल

साहेबांना सांगितलं. सांगायला नको होतं. आधी मला देशद्रोही म्हणाले, मग गाढव, मग पुन्हा देशद्रोही. परक्या देशाच्या माणसाला घरात घेतलंस! मी म्हटलं घरात नाही, दारात. मी काय हाकलून द्यायचं होतं? जेवायच्या ताटावरून?

१६ एप्रिल

सकाळी साहेबांचा आवाज मधासारखा. मोठी बैठक झाली म्हणे, रात्र सरली तरी चालली होती. त्यातून असं निघालं की थुआन पाहुणा म्हणून आला. पाहुणा आला म्हणजे घर यजमानाचं हे त्यानं मान्य केलं. त्यानं भात परत मागितला, म्हणजे दोनदा मान्य केलं!

"तू जे केलंस ना रोनिलो, ते आमच्या राजदूतांना इतक्या वर्षांत जमलं नाही."

मी म्हटलं, मग सुट्टी?

म्हणाले, आता तर अजिबात नाही.

२० एप्रिल

डोमेंग काकांची होडी आली. रसद आणतात ते, आमच्याच गावचे. ह्या खेपेला अख्खं भाजलेलं डुक्कर! लाल, चकचकीत, कुरकुरीत सालीचं. माझ्या जन्मात माझ्यासाठी कुणी डुक्कर भाजलं नव्हतं. हात लावणार तेवढ्यात काका म्हणाले, थांब, हे त्या पलीकडच्यासाठी आहे.

हुकूम असा की त्याला जेवू घालायचं, ढेकर येईपर्यंत. फोटो काढायचा. निघताना 'आभारी आहे' म्हणवून घ्यायचं. त्या मांसाच्या तुकड्यात आपला समुद्र आहे, असं साहेब म्हणाले.

थुआन आला, साल मोडून मोडून खाल्ली. फोटो काढला. आभार काही मानेना. त्यांच्याकडे जेवल्यावर आभार मानणं म्हणजे परकेपणा. मी खूप विनवण्या केल्या. शेवटी म्हणाला, तू आधी माझ्याकडे जेवून जा, मग दोघं मिळून मानू.

२३ एप्रिल

तेच झालं. त्याच्या साहेबांना समजलं. आता त्याला हुकूम आहे की मला बोलावून जेवू घाल. आणि मला हुकूम आहे, मेलास तरी जाऊ नको.

सकाळी त्यानं पलीकडून हाक मारली, रस्सा केलाय. वाऱ्यावर वास येत होता — आलं, लिंबू, बदकाचं मांस. मी ओरडून सांगितलं, पोट बिघडलंय. तासाभरानं त्यानं पोटाचं औषध आणलं!

त्याच्या साहेबानं म्हणे विचारलं की रोनिलोला बदक आवडत नाही का, डुक्कर कापू का. दोन देशांच्या राजधानीत माझ्या जिभेच्या चवीची चौकशी चालू आहे. आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्याला माझं नाव नीट घेता येत नाही.

२४ एप्रिल

तोड निघाली. ओहोटीला मधे वाळूची जीभ वर येते, ती अजून कुणाचीच नाही. तो आपला रस्सा घेऊन येतो, मी आपला भात. पाठीला पाठ लावून बसतो. कुणी कुणाला वाढत नाही. वाट्या मात्र चुकून इकडच्या तिकडे होतात. भरती आली की उठतो.

२९ एप्रिल

डोमेंग काकांकडे मेर्लिटानं निरोप दिलाय. काका आधी सांगेचनात, दोऱ्याच आवरत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती म्हणाली, दगडाशीच लग्न करायचं असेल तर तसं सांग म्हणावं. मी दुसऱ्याचं बघते."

दिवसभर वाळूत फेऱ्या मारल्या. बेट इतकं लहान की रागानं चालायला लागलं की लगेच पाणी लागतं. नीट चिडताही येत नाही इथे.

२ मे

साहेबांना हात जोडले. म्हटलं दुसरा माणूस पाठवा. म्हणाले, जाहिरात दिली होती, एकजण आला, त्याला पोहता येत नव्हतं आणि त्याला वाटलं हॉटेल आहे. म्हणाले, "देशासाठी एक लग्न, रोनिलो. तू तरुण आहेस, मुली पुष्कळ."

मी वायरलेस बंद केला. साहेब बोलत असताना, पहिल्यांदाच.

४ मे

आज वाळूच्या जिभेवर थुआनला सगळं सांगितलं. मेर्लिटा, तिचा बाप, बर्फवाला, जत्रा. तो जेवता जेवता थांबला. मोठ्या भावासारखं खडसावलं मला.

"मूर्खा, आधी का नाही बोललास? तू जा."

म्हटलं, लोकसंख्या?

"प्रत्येकी एकच माणूस लागतो ना? मी आहे की. सकाळी माझ्याकडे राहीन, दुपारी तुझ्याकडे. दोन्ही दोऱ्यांवर कपडे घालीन. भोपळ्याला पाणी घालीन. दुर्बिणीतून स्वतःवर लक्ष ठेवीन."

म्हटलं, आणि वायरलेस?

"तुझा साहेब तुझं ऐकून घेतो का कधी?"

खरंच की. मी फक्त 'होय साहेब' म्हणतो. ते त्याला तीन वेळा म्हणायला लावलं. माझ्यापेक्षा चांगलं म्हणतो.

गावी शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जातो, तसं मी देशाचं बेट त्याच्याकडे देऊन चाललोय. चूक असेल. पण किल्ली कुणाकडे द्यावी हे माणूस बघून ठरवायचं की नकाशा बघून?

६ मे

डोमेंग काकांच्या होडीत, जाळ्यांखाली. अंगाला मासळीचा वास. वळून बघितलं तर थुआन माझ्या दारात उभा राहून हात हलवत होता. माझा शर्ट घातला होता त्यानं. क्षणभर वाटलं मीच तिकडे राहिलोय.

१० मे

गावात आलो आणि वेशीतच थांबलो. जत्रेच्या कमानीवर माझं तोंड! भलंमोठं. खाली लिहिलंय — आमचा रोनिलो, समुद्रात पहाडासारखा उभा. कमानीखालून मीच टोपी खाली ओढून चोरासारखा घरात.

आई रडली, मग म्हणाली, पोस्टरावर जाडा दिसतोस.

रेडिओवर रोज माझी बातमी असते म्हणे. काल सांगितलं, रोनिलोनं पलीकडच्या माणसाकडे रोखून बघितलं. गाव टाळ्या वाजवत होतं. मामा म्हणाले, अख्ख्या गावानं तुला येताना बघितलंय पण कुणी बघितलेलं नाही. समजलं? पोस्टरचे पैसे वर्गणीतून काढलेत.

१२ मे

मागणी घातली.

मामा, आई, मी, डोमेंग काका. टोपांतून पातळ भाजी, नूडल्स, नारळाचा गोड भात. ग्रेगोरियोच्या ओट्यावर चढलो. रीतीप्रमाणे सगळे आधी पावसापाण्याचं बोलले. मग मामांनी विषय काढला. ग्रेगोरियोनं भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर माझंच पोस्टर, छोटं.

"त्याला मुलगी देतो," म्हणाला. "डोळे मिटून देतो."

मी म्हटलं, तोच मी.

"नाही. तो बेटावर उभा आहे. तू जागा सोडून पळून आलेला आहेस. पळपुट्याला मी मुलगी देत नाही."

मामा म्हणाले, अहो, पण बेटावरचा माणूस मागणी घालायला कसा येणार? आणि आला तर तो बेटावरचा कसा राहील?

ग्रेगोरियोनं खूप विचार केला. गोड भाताचा घास घेतला. म्हणाला, "ते त्यानं बघावं."

शेवटी मामांनीच तोडगा काढला. मुलगी दिली. पण मी जत्रा संपली की परत जायचं, कुणाला पत्ता लागायच्या आत, आणि सरकार सोडेल तेव्हा लग्न. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकार कधी सोडेल हे कुणी विचारलं नाही.

मेर्लिटा आतल्या दारात उभी होती. तिनं मान डोलावली नाही. पाणी द्यायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझं काय ते ठरवून झालं का तुमचं?"

१५ मे

जत्रा. मी माळ्यावर लपलेला. मिरवणुकीत माझ्या पोस्टरला हार घातला. फटीतून पाहिलं. मला कुणी एवढा हार घातला असता तर लाजलो असतो. तो लाजला नाही.

१७ मे

डोमेंग काका मला न्यायला आले. ओट्यावर बसले, टोपी काढली. मेर्लिटा तिथेच होती, सकाळपासून आमच्याकडे आली होती, बापाला न सांगता.

काका म्हणाले, थुआन नाही. तू निघालास त्याच्या दुसऱ्याच दिवशी तोही आपल्या गावाला गेला. वाटेत भेटलेल्या मच्छीमारांना कंटाळलो म्हणाला. गेले कित्येक दिवस दोन्ही बेटांवर चिटपाखरू नाही. दोऱ्यांवर कपडे तेवढे आहेत. वायरलेसवर साहेब एकटेच बोलत बसलेत.

शेजारच्या रेडिओवर तेवढ्यात बातमी. दोन्हीकडचे रहिवासी ठाम आहेत. त्यांच्या रक्षणासाठी दोन्हीकडून जहाजं निघाली आहेत.

मेर्लिटा आत गेली आणि तिचं गाठोडं घेऊन बाहेर आली. बांधूनच आणलं होतं.

"दोन्ही रिकामी आहेत ना?" म्हणाली. "मग त्यातलं मोठं कुठलं?"