ताईकडं माग

५ फेब्रुवारी
खर्डीत खोली मिळाली! मागे भाताची मोकळी खाचरं, दारापुढे सारवलेला ओटा. घरमालकीण शेजारीच राहते. आल्या आल्या तिने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून दिली. आसपासच्या वाड्यांमधलं दारूचं व्यसन आणि त्यावरचे उपचार, असा माझा अभ्यासाचा विषय. पावसाळ्यापर्यंत इथेच मुक्काम. आईला फोन करून सांगितलं, काळजी नको, मुलगी मजेत आहे. खूप दिवसांनी कशाची घाई नाही.

१२ फेब्रुवारी
वाडीवरचा जाणू उपचारांना तयार झाला. पस्तिशीचा असेल. डोळे पिवळे, पाय सुजलेले. वीटभट्टीवरून त्याला परत पाठवलं. त्याची बायको ललिता माझा हात सोडेना. "ताई, याला वाचवा. पोरगी लहान हाय."
जाणूने एक विचारलं. पिण्याआधी पहिला घोट तो उंबऱ्यावर ओततो, मेलेल्या बापाच्या, कोंडूच्या नावाने. त्याच्या घरची रीत. कोंडूही दारूनेच गेला. आता त्याच्या घोटाचं काय करायचं? मी म्हटलं, उंबऱ्यावर वाटीभर पाणी ठेव, बापाला मुलगा जिवंतच हवा असेल. ललिताला ते पटलं.

१९ फेब्रुवारी
जाणू दवाखान्यातून घरी आला. थरथर कमी आहे, गोळ्या चालू आहेत. पण भरदुपारी उंबऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणतो, कोंडू बसलाय, ओंजळ पुढे केलीय. दारू तुटली की असे भास होतात, हे मी ललिताला समजावलं. ती वाटीकडे बघत होती. "पाणी नाय घेत, ताई."

२ मार्च
जाणू माणसात आला! जेवतो, झोपतो, पोरीला खांद्यावर घेऊन फिरतो. त्याचं बघून वाडीतल्या आणखी चौघांनी सोडली. निघताना मी भासांबद्दल विचारलं. तो हसला नाही. "आता माझ्याकडं नाय येत. मीच सांगितलं त्याला. ताईनं सोडवली, ताईकडं माग."

४ मार्च
दुपारी ओट्यावर कोणी बसल्याचा आवाज. मग कोरडा आवंढा गिळल्याचा. पुन्हा. पुन्हा. दार उघडलं तर कोणी नाही. घरमालकीण समोरच मिरच्या वाळत घालत होती. म्हणाली, कोणी आलं नाही. मीच दमले असेन.

७ मार्च
आज दिसला. उकिडवा बसलेला, ओठ चिरलेले, डोळे थेट जाणूचे. मी तांब्यातून पाणी ओतलं. ओंजळीतून सरळ खाली गेलं, ओटा भिजला. त्याचे हात कोरडेच. तेव्हापासून माझ्या घशाला कोरड आहे. कितीही पाणी प्यायलं तरी जात नाही.

९ मार्च
बॅग भरली. निरोप घ्यायला वाडीवर गेले, ललिताला सगळं सांगितलं. तिने पोरीला जवळ ओढलं. "तुमी गेल्यावर तो परत आमच्याच दारात येल ना?" जाणू मागे दोर वळत बसला होता. तब्येत सुधारलेली.
बॅग रिकामी केली.

११ मार्च
बाटली आणली. उंबऱ्यावर घोटभर ओतली. क्षणात जिरली. ओटा रिकामा झाला. रडले, मग गाढ झोपले.

१३ मार्च
कोंडू एकटा नाही. खाचरात चार बसलेत. खांद्याला खांदा लावून, ओंजळी माझ्याकडे. वाडीत आणखी चौघांनी सोडली होती — प्रत्येकाचं कोणीतरी —

१४ मार्च
ओतली ती कोणी घेत नाही. ओट्यावर तशीच साचून आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी पिण्याची वाट —
नाही पिणार. कधीच प्यायले नाही.
घसा फाटतोय.

१५ मार्च
एकच घोट. फक्त एक.
घसा ओला झाला. कोंडूने सरकून माझ्यासाठी जागा केली —

१६ मार्च
संपली. दुसरी आणली. घरमालकीण दाराशी येत नाही.

बाहेर हाक. "ताई! ताई, हायसा का?" जाणूचा आवाज. पोरगी बरोबर आहे. मला बघायला आलाय —
जा म्हणायचंय. वास लागेल त्याला. आवाज फुटत नाही —
कोंडू उठला. पहिल्यांदाच उठला. माझा पेला दोन्ही हातांत धरून दाराकडे, हाक मारतोय — जाणू रे, ये —
मला दार लावू दे, जाणू आत येऊ न