काढून ऐका, ठेवून ऐका

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. तो खरोखरच साष्टांग समज, कारण हे पत्र मी जमिनीवर पालथा पडून लिहितोय. (घरात टेबल नाही. टेबलावर आवाज आपटून परततो, म्हणून ते गेल्या वर्षीच बाहेर गेलं.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? आणि त्यांचा तो खिशातला रेडिओ, ज्याचं झाकण रबरबँडने बांधलंय, तो अजून बोलतो का? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण परवा तू म्हणालीस की मी बोलायला लागलो की नुसती स्वतःची बाजू मांडतो, त्यापेक्षा लिही, लिहिताना माणसाला जरा तरी लाज वाटते. म्हणून लिहितोय. वाटली की कळवतो.

तुझी भावजय दहा दिवसांपूर्वी शिलाईचं मशीन, कात्र्या आणि कपड्यांची सात गाठोडी टेम्पोत घालून तुझ्या दारात उतरली, ती का, हे तिने तुला सांगितलं नसणार. ती सांगणाऱ्यातली नाही. पस्तीस वर्षांत तिने माझ्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, आणि हीच माझी तिच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे. तेव्हा मीच सांगतो. (सांगणं थोडं माझ्या बाजूला झुकेल. तेवढं तू सरळ करून घे.)

तुला माहीतच आहे, आयुष्यभर वजनमापे खात्यात मी लोकांचे तराजू तपासले. निवृत्त झालो आणि तपासायला काही उरलं नाही. तशात दाढेला टोपी बसवायला गेलो, तर त्या दंतवैद्याने माझं तोंड उघडं असतानाच मला घरी गाणं ऐकायला बोलावलं. नाही कसं म्हणणार? गेलो. त्याच्या खोलीत माणसाएवढे उंच दोन स्पीकर, आणि समोर एकच खुर्ची. तिच्यात बसलो, गाणं सुरू झालं आणि गाणारी बाई सूर लावण्याआधी श्वास घेते तो श्वास मला ऐकू आला. ताई, मी रडलो. (दाढही ठणकत होती, पण मुख्यतः श्वासामुळे.) त्यानेच मला ते स्पीकर मिळतात त्या दुकानात नेलं, आणि तसलेच दोन माझ्याही घरी आले. दुकानदाराला आम्ही सगळे गुरुजी म्हणतो. तो काही विकत नाही, तो फक्त आपल्याला घरी कमी काय आहे ते ऐकवतो. त्याचा एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काढून ऐका, ठेवून ऐका, मग ठरवा. या नियमाने माझ्या दिवाणखान्यातून टेबल गेलं, काचेचं कपाट गेलं, भिंतीवरचं घड्याळ गेलं (टिकटिक), आमच्या लग्नाचा फोटो गेला (माझा राग फोटोवर नव्हता, काचेवर होता). आता खरं सांगायचं तर काढून आम्ही नेहमी ऐकलं, पण परत ठेवून ऐकायचं दरवेळी राहून गेलं. शेवटी मधोमध उरली एक खुर्ची. दोन्ही स्पीकरांचा आवाज बरोबर जुळतो ती जागा खोलीत एकच असते. तिथे तिचे चारही पाय चिकटपट्टीने आखून ठेवलेत. मागच्या खेपेला तू दुखऱ्या गुडघ्यांनी तीत बसलीस आणि मी तुला "जरा उठतेस का" म्हणालो, ते यामुळे. त्याबद्दल माफ कर.

कोपऱ्यात हिचं मशीन, त्यापुढे तिची खुर्ची, आणि मागे गाठोड्यांचा ढीग. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, झिपा बदलायच्या, आणि त्या महिन्यात एका हॉटेलच्या अठ्ठेचाळीस पडद्यांना कड घालायची होती. मी त्या कोपऱ्यावर डोळा ठेवून होतो, पण धीर होत नव्हता. एवढ्यात गुरुजींनी स्पीकरना जोडायची नवी केबल दिली. ती मनगटाएवढी जाड असते, जमिनीला टेकू द्यायची नसते (तिच्यासाठी लाकडाच्या छोट्या घोड्या मिळतात), आणि आणल्या आणल्या ती नीट वाजत नाही. ती मुरावी लागते, तीनशे तास. त्यासाठी एक खास रेकॉर्डिंग येतं, त्यात नुसता नळ फुटल्यासारखा आवाज असतो. तो साडेबारा दिवस अखंड लावला. हिने त्या आवाजात पडदे शिवले. एकदाच विचारलं, बरणीत घालून उन्हात ठेवू का. मला वाटलं थट्टा करतेय, पण चेहरा सरळ होता.

तेराव्या दिवशी रविवार. दुपारी गुरुजी आणि दंतवैद्य परीक्षेला आले. मी एक रेकॉर्ड लावली, आणि काय सांगू! खालचे सूर असे घट्ट, नेमके, कुठे फुगवटा नाही. गुरुजी म्हणाले, ही केबलची करामत. दंतवैद्याने डोळे मिटले. गाणं अगदी हलकं झालं, वादक थांबले, आता तो श्वास येणार, आणि कोपऱ्यातून मशीन खडखडलं. पुरे आठ टाके. मी मान वळवली, तर मला डाव्या स्पीकरच्या पुढच्या कापडावर टाचण्या दिसल्या. रंगीत डोक्यांच्या, बावीस, एका ओळीत टोचलेल्या. तिला हाताशी हव्या होत्या, आणि कापड चांगलं ताणलेलं होतं! माझं डोकंच फिरलं. मी दोघा परक्या माणसांसमोर म्हणालो, "या खोलीत आता बेसूर अशी एकच वस्तू उरलीय, ती म्हणजे तू."

तिने दोरा दाताने तोडला. घडी घातली. आणि म्हणाली, "मग मला काढून ऐका."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. पुढचं तुला ठाऊक आहे.

टेम्पो गेल्यावर मी (खोटं कशाला बोलू) कोपरा झाडून घेतला आणि खुशीत खुर्चीत बसलो. तीच रेकॉर्ड, तीच केबल. आणि खालचा आवाज असा घुमायला लागला की शेजारच्यांनी विचारलं, पाण्याची टाकी हलवताय का. केबल उलटी लावली, सुलटी लावली, घोड्या बदलल्या. गुरुजी येऊन म्हणाले, केबल अजून मुरायचीय. शेवटी त्यांनीच खोली मोजणारा माणूस पाठवला. अबोल माणूस, स्टँडवर मायक्रोफोन आणि लॅपटॉप. त्याने खोलीभर भोंग्यासारखा आवाज फिरवला, लॅपटॉपवर एक रेघ काढली, रेघेला खालच्या सुरांपाशी उंटासारखी मदार. मग कोपऱ्याकडे बोट करून त्याने विचारलं, इथे आधी काय होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, बायको. त्याने ते लिहून घेतलं. मग गाठोड्यांचंही सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदाच हसला. म्हणाला, जाड, मऊ, वेडीवाकडी रचलेली, कोपऱ्यात छातीएवढी उंच, आवाजाचं घुमणं शोषायला याहून चांगला उपाय बाजारात नाही, ही कुणी बसवली होती? म्हणजे ताई, ज्या घट्ट सुरांसाठी आम्ही केबलला डोक्यावर घेतलं, ते अठ्ठेचाळीस पडदे होते. मी, ज्याने उभा जन्म दुसऱ्यांचे काटे तपासले, त्याने आपल्या घरातलं मापच चुकवलं.

गुरुजींनी आता कोपऱ्यात बसवायला फोमचा एक काळा खांब दिलाय. निम्मंही काम करत नाही. शिवाय एक अडचण आहे, ती त्या मोजणाऱ्याला मी सांगितली नाही. चांगली जागा आली की मला मान न वळवता "ऐकलंस का?" म्हणायची सवय आहे. कोपऱ्यातून "हं" यायचं. तिचं लक्ष कडेवर असायचं हे मला माहीत होतं, पण "हं" यायचं. परवा श्वासाची जागा आली आणि मी खांबाला विचारलं. तो काही बोलला नाही. मी उठून मशीन बंद केलं, गाण्याचं.

तू म्हणालीस, ती संध्याकाळी भाऊजींच्या शेजारी बसून तो रबरबँडवाला रेडिओ ऐकते आणि हसते. एक विचारू? त्यात तिला काय ऐकू येतं? त्याला ना खालचे सूर ना वरचे. मी हे जळून विचारत नाही, शास्त्र म्हणून विचारतोय.

तर मुद्दा असा की गाठोड्यांपैकी निदान दोन, शक्यतो पडद्यांची, तेवढी परत पाठवून दे. बाकी माझं उत्तम चाललंय. वेळेवर जेवतो. (उभ्याने. खुर्ची जेवणाची नव्हे.) भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि तुझे गुडघे लवकर बरे होवोत.

तुझा धाकटा

ता. क. : स्पीकरवरच्या टाचण्या मी काढलेल्या नाहीत. बावीसच्या बावीस आहेत, रोज मोजतो. त्यांनी आवाजात काही फरक पडत नाही. तिला हे कळू दे.

ता. क. २ : गाठोडी नाही पाठवलीस तरी चालेल. आणि पहिल्या पानावर कबूल केलं होतं त्याप्रमाणे कळवतो, लाज वाटली. मी जे बोललो ते त्या दोघांसमोर बोललो, तेव्हा त्या दोघांना काल चहाला बोलावून त्यांच्यासमोरच परत घेतलं. दंतवैद्याने डोळे मिटले, पण यावेळी त्याला काही ऐकायचं नव्हतं.

ता. क. ३ : आज सकाळी जमिनीवरची चिकटपट्टी खरवडून काढली आणि खुर्ची दीड फूट डावीकडे सरकवली. तिची मशीनपुढची खुर्ची टेम्पोत मावली नव्हती, ती शेजारी मांडली. दोन्हींत बसून पाहिलं. आता कुठूनच नीट ऐकू येत नाही, माझ्या खुर्चीत गाणारी बाई डावीकडे पळते, तिच्या खुर्चीत उजवीकडे. गुरुजी म्हणाले, वाट लावलीत. पण मी त्यांना त्यांचाच नियम दाखवला. काढून ऐकलंय, आता ठेवून ऐकायचं राहिलंय. तू तिला हे असं सांगू नकोस मात्र. ठेवायला ती वस्तू थोडीच आहे. तू नुसतं विचार, येतेस का.