दुभाजकातली फट

प्रिय मोजपट्टी,

हे नाव तुला अजून चालतं का, माहीत नाही. नागरिक नेतृत्वाच्या वर्गाच्या पहिल्याच दिवशी तू पिशवीतून टेप काढलीस, खुर्च्यांमधलं अंतर मोजलंस आणि एवढं दाटीवाटीनं बसवल्याबद्दल मोठ्या बाईंनाच सुनावलंस. तेव्हापासून आमच्या पाचव्या तुकडीसाठी तू मोजपट्टीच. नकाशे काढणं हा तुझा धंदा, पण मोजायची हौस त्याहून दांडगी. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, तेव्हा लिहीत नाही.

आधी मंडळाची खबर. वर्ग संपला की लोक प्रमाणपत्र भिंतीला टांगतात आणि गुल होतात, असं बाई म्हणायच्या, ते काही खोटं नाही. तरी आपलं माजी विद्यार्थ्यांचं मंडळ अजून पहिल्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर भरतं. भरतं म्हणजे काय, सहा-सात टाळकी असतात. बाईंना आता जिना चढवत नाही. त्या खाली वर्तमानपत्र वाचत बसतात आणि बैठक संपली की आमच्याकडून तोंडी अहवाल घेतात, वर चुका काढतात. नर्सताई ड्यूटीवरून थेट येते आणि बसल्या जागी पेंगते. विमा एजंट बोलायला लागला की थांबता थांबत नाही, तुझ्यासारखं त्याला गप्प करणारं कुणी उरलं नाही. मी मात्र एकही बैठक चुकवली नाही. तुझे भावोजी, म्हणजे हे, वारले, त्यानंतरच्या पहिल्या रविवारीसुद्धा बैठकीला गेले. जाऊबाईंनी नाक मुरडलं, लोक काय म्हणतील म्हणाल्या. घरात बसून तरी काय करणार होते? ह्यांचा चहाचा कप तेवढा समोर दिसत राहिला असता.

मागची रांग तू विसरली नसशील. आपल्यातलं कुणीही नगरपालिकेच्या सुनावणीत बोलायला उभं राहिलं की बाकीच्यांनी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं. विषय पटो न पटो, टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, नुसतं बसायचं. मंडळात राहायची तेवढी एकच अट. हे काही आपल्या वर्गात नव्हते, तरी चष्म्याचं दुकान बंद करून यायचे आणि बोलणाऱ्याच्या हातात घशासाठी गोळी ठेवायचे. शाळेसमोरच्या दुभाजकाच्या सुनावणीला तुझा घसा पार बसला होता, तर तुला दोन दिल्या होत्या. काय बोलली होतीस गं त्या दिवशी! इंजिनिअर म्हणत होता की दवाखान्याच्या गल्लीसमोर थोडी फट ठेवू. तू म्हणालीस, फट ठेवली की दुचाक्या घुसल्याच, आणि दुचाक्या घुसल्या की पोरं चिरडलीच. फट राहिली नाही. ह्यांनी खूश होऊन तुला नवी फ्रेम फुकट दिली, एरवी सख्ख्या भावालासुद्धा सूट न देणारा माणूस. तेव्हापासून त्या रस्त्यावर एकही मूल दगावलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना ते माझ्या मनातून निसटायला नको.

तुला मी ह्यांच्या जाण्याचा नुसता निरोप पाठवला, कसं झालं ते कळवलं नाही. दुपारी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी वाकवून देत होते, तसेच छाती धरून खाली बसले. मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, हलवू नका, सगळी यंत्रं घेऊन गाडी निघालीच. निघालीच होती, मी दुकानाच्या दारातून बघत होते. समोरच्या गल्लीतून बाहेर आली, डावीकडे वळली आणि आमच्या डोळ्यांदेखत दूर निघून गेली. तिला उड्डाणपुलाखाली वळसा घेऊन परत यायचं होतं, आणि पुलाखाली शाळा सुटायच्या वेळची गर्दी. मी दुभाजकापाशी उभी राहून हात हलवत होते, जसं काही त्या ड्रायव्हरला मी दिसले असते तर तो उडून आला असता. गाडी आली तेव्हा ह्यांचा हात गार पडायला लागला होता. आधी पोचलो असतो तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, मी रोज करते.

दुसऱ्या दिवशी तू फोनवरचा मंडळाचा ग्रुप सोडलास. बाकीच्यांना वाटलं, नव्या गावात, नव्या कामात गुंतली असेल. मला तसं वाटलं नाही. कुणाकडून तरी तुला सगळं कळलं असणार आणि तू तिकडे बसून ते अंतर मोजलं असणार.

गेल्या महिन्यात नव्या तुकडीला नेहमीप्रमाणे दुभाजक दाखवायला नेलं. दरवर्षी मीच सांगते ना आपली गोष्ट, याही वर्षी सांगितली, अगदी तुझ्या घसा बसल्याच्या गमतीसकट. शेवटी एका दंतवैद्यानं सहज विचारलं की दवाखान्याची गाडी या बाजूला यायची असेल तर कशी येते? बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. मी दुकानाच्या बंद शटरकडे बघितलं आणि म्हणाले, वळसा घालून. आणि तिथेच पायरीवर बसले. नर्सताईनं मला हाताला धरून घरी आणून सोडलं.

आता हे पत्र का, ते सांगते. दवाखान्याच्या गल्लीसमोर फट ठेवावी, तिला कुलूपबंद फाटक असावं आणि ते फक्त रुग्णवाहिकेसाठी उघडावं, असा अर्ज मी केला आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. एजंट म्हणतो, आपणच बांधलेलं आपणच फोडायचं का? पण नियम म्हणून येऊन बसेल. पहिल्यांदाच मी बोलणार आहे, आणि फाटक नेमकं कुठे बसवलं तर पोरांनाही धोका होणार नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही. तू यावंस म्हणून लिहिते आहे. तुझ्यावर राग नाही असं लिहून मोकळी झाले असते, पण खोटं कशाला? आहे. त्या दिवशी मागच्या रांगेत मीही मान डोलावत बसले होते, म्हणून माझ्यावरही तितकाच आहे. एवढा राग घेऊन मी या घरात एकटी काय करू? भांडायला तरी समोर माणूस लागतं गं. ये.

तुझीच,
चष्मेवाली